बँकॉक: हिरव्या पानाची पाटी दिसली तर

खाओसान रोडवर टॅक्सीतून उतरलो आणि सासूबाई म्हणाल्या, "हा तर कुंभमेळ्यातला वास!" त्या नाशिकच्या, त्यांना काय सांगायचं! चार पावलांवर हिरव्या पानाची निऑन पाटी, पुढे आणखी एक. थाई लोक गांजाला 'कन्चा' म्हणतात. शब्द मूळ आपल्याकडचाच.

जून २०२२ मध्ये सरकारने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि दुकानं कुत्र्याच्या छत्रीसारखी उगवली. नियम मागून आले. जून २०२५ पासून गांजाची कळी घ्यायला वैद्यकीय चिठ्ठी लागते. हे ठाऊक असूनही मेव्हण्याने हट्टाने एका दुकानात नेलं. मुखवास मांडावा तशा काचेच्या बरण्या, बघायला भिंगही ठेवलेलं. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट मागितला आणि विचारलं, "झोप लागते का?" मुंबईपासून विमानात घोरत आलेला हा गृहस्थ म्हणाला, "अजिबात नाही." ती लगेच फॉर्म भरू लागली. डॉक्टर कुठेच दिसेना, म्हणून मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. पाटी लावलेली म्हणजे सगळं कायदेशीर, असं समजू नका.

रस्त्यावर ओढणारे दिसतील, त्यांच्यावर जाऊ नका. धुराचा उपद्रव झाल्याची तक्रार झाली तर २५,००० बाटपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विशीच्या आतल्यांना आणि गरोदर बायकांना विक्री बंद. गांजाच्या गोळ्या-चॉकलेटांच्या नादी तर लागूच नका: ०.२ टक्क्यांहून जास्त टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेला अर्क आजही अमली पदार्थच आहे, आणि पाकिटावरच्या आकड्याचा भरवसा काय?

सगळ्यात महत्त्वाचं, परत येताना. बँकॉकहून येणारा 'हायड्रो', म्हणजे मातीविना पाण्यावर वाढवलेला गांजा, मुंबई विमानतळावर वरचेवर पकडला जातो. आणणारी बरीचशी पोरं फुकट तिकिटाला भुललेली असतात. २० किलोहून जास्त सापडला तर दहा ते वीस वर्षं कैद. कुणाचीही बॅग, 'फक्त खाऊ आहे' म्हटलं तरी, घेऊ नका. सिंगापूरमार्गे येणार असाल तर दुप्पट सावध राहा; तिथे ५०० ग्रॅमवरच्या तस्करीला फाशी आहे.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा उपसल्या. सासूबाईंनी शेजारणींसाठी घेतलेल्या चहाच्या पाकिटावर तेच पान! हॉटेलच्या कचरापेटीत टाकलं. १८० बाट गेले, त्या अजून काढतात.