बत्तीस-चाळीस, पान चारशे एक

विमान देखभालीच्या हँगरमध्ये नव्याने आलेल्या तंत्रज्ञांना पहिल्या दिवशी मी पान्याला हात लावू देत नाही, संगणकावरचे देखभालीचे मॅन्युअल उघडायला लावतो. ही मुले कामाला तरबेज असतात, पण शोधचौकटीत नुसते ‘ब्रेक’ असे टाकून समोर आलेल्या ढीगभर नोंदी पाहून गांगरतात. वास्तविक १९५६ पासून चालत आलेल्या एटीए १०० या मॅन्युअलच्या प्रकरणांना ठरावीक आकडे देणाऱ्या क्रमपद्धतीने ही वाट सोपी करून ठेवली आहे: विमान कोणत्याही कंपनीचे असो, प्रकरण २४ म्हणजे वीजपुरवठा, २९ म्हणजे हायड्रॉलिक, ३२ म्हणजे लँडिंग गिअर आणि त्यातले ३२-४० म्हणजे चाके व ब्रेक. पानांचे आकडेही बोलके असतात. १०१ पासून दोषशोधन, ४०१ पासून भाग काढणे व बसवणे, ५०१ पासून जुळणी आणि चाचणी. म्हणून मी विमानातल्या बिघाडाची तक्रार वाचून दाखवतो, घड्याळ लावतो आणि संगणकाला हात लावण्याआधी प्रकरणाचा आकडा तोंडी विचारतो.

वेगाचे मला कौतुक आहे, पण बेताचेच. एकदा एका चलाख मुलाने सर्वांआधी पान काढले, टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती पिळून आवळायचा त्याचा, आकडाही वाचला; मात्र पानावर छापलेली लागू विमानांची यादी त्याने पाहिली नव्हती आणि आमचे विमान त्या यादीत नव्हते. तेव्हापासून घड्याळ मी पान सापडल्यावर थांबवत नाही, शेपटीवरचा नोंदणी क्रमांक त्या यादीशी ताडून पाहिल्यावरच थांबवतो.