पायाची गाठ, कण आणि मायसेटोमा

कपाशीच्या वावरात अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडतो, जखम भरते, विषय संपतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथे न दुखणारी गाठ येते. दुखत नाही म्हणूनच माणूस उशिरा दाखवतो. हा मायसेटोमा असू शकतो, म्हणजे काट्यावाटे शिरलेल्या बुरशीचा किंवा जिवाणूंचा चिवट संसर्ग. तो विरळच, 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत घेतलं. बहुतेक रुग्ण शेतात राबणारे 20 ते 40 वयाचे पुरुष.

सूज, पू वाहणारी छिद्रं आणि पुवातले कण, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की संशय पक्का. कण दिसत नसतील तर सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज रात्रभर छिद्रावर बांधा. सकाळी त्यात खसखशीएवढे दाणे सापडतात. काळा कण म्हणजे बुरशी, लाल म्हणजे जिवाणू. पांढरा-पिवळा दोन्हींचा असू शकतो, म्हणून रंगावर औषध ठरवू नये.

बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी काढलेला गाठीचा तुकडा, खोल हवी. नेहमीची चूक म्हणजे सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे जंतू मारणाऱ्या द्रावणात, टाकणं. मग कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखणं, होणारच कसं? अर्धा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवा आणि लॅबला 4 ते 6 आठवडे थांबायला सांगा. हाड पोखरलंय का, ते एक्स-रेत दिसतं, सुरुवातीचं एमआरआयमध्ये.

एवढी खटपट कशाला? जिवाणू असेल तर कोट्रायमॉक्साझोल, अमिकासिन. बुरशीला वर्षभर इट्राकोनाझोल, बऱ्याचदा शस्त्रक्रियाही. नुसत्या अंदाजाने गोळ्या चालू केल्या की कल्चर कोरंच येतं.