बॅग मागून येतेय

युरोपात पहिल्यांदा जाणाऱ्याला एक गोष्ट कोणी नीट समजावून सांगत नाही. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, इमिग्रेशन तुम्ही जिथे जाणार तिथे होत नाही, विमान सगळ्यात आधी जिथे टेकतं तिथे होतं. म्हणजे मुंबई-फ्रँकफर्ट-लिस्बन असं तिकीट असेल तर सगळी चौकशी फ्रँकफर्टला, पुढचा प्रवास डोमेस्टिकच्या हिशेबात. कागदावर हे फार सोयीचं वाटतं. पण मुंबईतच विमान उशिरा सुटलं आणि फ्रँकफर्टला त्या रांगेत आपल्यापुढे अजून दोन जंबो विमानांतली माणसं उभी असली, की मग सोय बिय काही राहत नाही. आम्ही धावत गेटपाशी पोचलो तेव्हा दार बंद झालेलं आणि आमचं विमान काचेपलीकडे सावकाश मागे सरकत होतं. नवरा म्हणाला, "अगं हात तरी कर." मग संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली, त्याचं गेट ऐनवेळी बदललं, परत पळापळ, असो.

लिस्बनला उतरलो तर कोणी पासपोर्टही विचारला नाही. एवढी वर्षं बघायचं बघायचं म्हणत आलेला पोर्तुगाल आणि बाहेर पडताना कोणी ढुंकूनही बघत नाही, थोडं वाईटच वाटलं. बेल्टवर एक बेवारस बेबी स्ट्रोलर गोल गोल फिरत होता. आमची बॅग नाही. दोघांची मिळून एकच मोठी बॅग, "दोन कशाला ओढायच्या" ही आयडिया कोणाची होती यावर तिथे चर्चा करण्यात अर्थ नव्हता.

काउंटरवरच्या बाईंनी एक लॅमिनेट केलेला तक्ता पुढे केला, त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या बॅगांची चित्रं आणि प्रत्येकीला नंबर. यातली तुमची कुठली? ओळखपरेडच ती. जगात एवढे रंग असून सगळ्यांच्याच बॅगा काळ्या नाहीतर नेव्ही ब्लू. मग मी सांगितलं की हँडलला माझ्या जुन्या साडीचा हिरवा काठ बांधलाय. बाई टाइप करायच्या थांबल्या. मी हाताने साडी, तिचा काठ, त्याची गाठ सगळं करून दाखवलं, त्यांनी मान हलवली आणि 'ग्रीन रिबन' असं लिहिलं. नारायणपेठी होती हो ती. जाऊ दे. एक रेफरन्स नंबर मिळाला, लागेल ते विकत घ्या पण पावत्या ठेवा असं सांगितलं, आणि हेही कळलं की एकवीस दिवस बॅग मिळाली नाही तरच ती हरवली असं धरतात. आमची सुट्टी त्याच्या कितीतरी आधी संपत होती.

पण खरं सांगू का, बॅग नव्हती म्हणून आम्ही त्या रात्री धड पोचलो. एअरपोर्टवरूनच मेट्रो सुटते, स्टेशनच्या भिंतींवर नामवंत पोर्तुगीज मंडळींची व्यंगचित्रं दगडात कोरल्यासारखी केलीत, आलामेदाला लाल लाइन सोडून हिरवी धरायची आणि मार्तिम मोनिशला उतरायचं. आमची खोली मोरारियात, म्हणजे टेकडीवर, म्हणजे नुसत्या गल्ल्या आणि जिने. खाली ते छोटे छोटे पांढरे-काळे चौकोनी दगड बसवलेले, वर्षानुवर्षं पाय पडून गुळगुळीत झालेले. बाकीचे टुरिस्ट त्यावरून खडखड खडखड बॅगा ओढत, दर दहा पायऱ्यांना थांबत, एकमेकांवर चिडत चाललेले, आणि आम्ही खांद्याला एकेक सॅक लावून टणाटण वर.

जून महिना, सेंट अँथनीच्या उत्सवाचे दिवस, त्यामुळे गल्लोगल्ली रंगीत कागदाच्या झिरमिळ्या आणि घराबाहेर शेगड्यांवर सार्डिन भाजणं चालू. त्या धुरात उभं राहिल्यावर भूक काय असते ते कळतं. त्यात तो सोमवार आणि नवऱ्याचा सोमवार कडक. त्याने घड्याळ बघितलं, साडेचार तास पुढे मोजले, आणि म्हणाला, "भारतात मंगळवार लागलाय." पावाच्या जाड तुकड्यावर अख्खा मासा ठेवून देतात, त्याचं तेल पावात उतरतं, आणि मासा संपल्यावर खरी मजा त्या पावात असते. मंगळवार एकदम छान साजरा झाला.

दुसऱ्या दिवशी लोक किल्ला बघायला जातात, आम्ही चड्ड्या घ्यायला गेलो. जवळच रुआ दो बेनफोर्मोझो म्हणून गल्ली आहे, तिथे बांगलादेशी, पाकिस्तानी, आपल्याकडच्या लोकांची दुकानं. टॉवेल, टूथब्रश, दाढीचं सामान, सगळं एका दुकानात. दुकानदाराने माझ्या तोंडाकडे बघून थेट हिंदीत विचारलं, "सामान नहीं आया ना?" त्याच्याकडे रोज कोणी ना कोणी येत असणार. ट्राउझर आणि शर्ट घ्यायला मग खाली बायशात गेलो. १७५५च्या भूकंपानंतर हा भाग आखून नव्याने बांधला, त्यामुळे रस्ते सरळ आणि माणूस हरवत नाही. नवऱ्याला कॉलरवर मासे असलेला शर्ट आवडला. माझं काही चाललं नाही.

त्याच शर्टात तो बेलेंला जेरोनिमोसच्या चर्चमध्ये वास्को द गामाच्या थडग्यासमोर उभा होता. दगडी वास्को हात जोडून आडवा पडलेला. आम्ही तक्रारी घेऊन गेलेलो आणि समोर हा माणूस, १४९७ला चार जहाजं घेऊन निघाला, परतताना वारा उलटा म्हणून नुसता अरबी समुद्र ओलांडायला तीन महिने लागले, स्कर्व्ही नावाच्या रोगाने इतकी माणसं गेली की हाकायला कोणी उरेना म्हणून एक जहाज स्वतःच जाळून टाकलं. बिचारा वगैरे मी म्हणणार नाही, मलबारच्या लोकांशी तो जे वागला ते बघता तर नाहीच नाही. पण गंमत पुढे आहे. १५२४ला तो कोचीनला वारला, अस्थी पोर्तुगालला पोचल्या १५३९ला, आणि या चर्चमध्ये यायला १८८० उजाडलं. नवरा म्हणाला, "बघ, याचंही सामान मागूनच आलं."

आमचं त्यामानाने लवकर आलं. बॅग घेऊन आलेल्या माणसाने फोन केला, गाडी वर येत नाही, खाली येऊन घेऊन जा. त्यामुळे शेवटी तो जिना तेवीस किलोसकट चढावा लागलाच, दर दहा पायऱ्यांना थांबत आणि एकमेकांवर चिडत. पहिल्या मजल्यावरच्या आजी दिवसभर खिडकीत बसलेल्या असायच्या, त्यांनी वरून बऱ्याच सूचना केल्या, कळली एकही नाही. वर येऊन आधी चिवड्याचा डबा उघडला. पोहे मऊ पडले होते पण वास शाबूत. संध्याकाळी बियरबरोबर काढला आणि वाटीभर आजींनाही नेऊन दिला. त्यांनी दोन घास खाऊन बघितले, मग चष्मा लावून त्यातले फक्त शेंगदाणे वेचून खाल्ले आणि वाटी परत दिली.