गड-टेकड्यांची टिपणवही, नोंद ४: एकोणीस स्टाइल्सच्या सात

सद्यस्थिती: ए-५ आकार, ६४ पानं, लिबरऑफिस रायटर (लेखनाचा मोफत प्रोग्राम). छापखान्याला पीडीएफ द्यायची आणि तीच टिपणं वेबपानावरही चढवायची. सिंहगड, राजगड, तोरणा आणि वेताळ टेकडीचा मजकूर लागला आहे. या खेपेला फक्त स्टाइल्स, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचे नाव दिलेले संच.

एकोणीसपैकी बारा स्टाइल्स निव्वळ दिसण्यावरून जन्मलेल्या होत्या: ‘जाड १४’, ‘जाड १४ नवा’, ‘निळा मथळा’. त्या काढल्या. उरलेल्यांची नावं कामावरून आहेत: मजकूर, गडनाव, उपमथळा, वाटटीप, चित्रओळ, चौकट, तळटीप. उद्या निळा जाऊन मातकट आला तरी ‘गडनाव’ हे नाव खोटं पडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो फॉन्टच्या कप्प्यांनी. रायटरच्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये वेस्टर्न, एशियन आणि सीटीएल (म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, जोडाक्षरं-मात्रांच्या लिप्यांसाठी) असे वेगळे कप्पे असतात आणि देवनागरी सीटीएलमधून उचलली जाते. वेस्टर्नमध्ये १२चे १४ करा, मराठी ढिम्म हलत नाही. जाडपणाचंही तेच. सीटीएलचा कप्पा दिसतच नसेल, तर टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये जाऊन तो चालू करा. तिथेच भाषा ‘मराठी’ निवडा, हिंदी ठेवू नका. फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श त्या निवडीवरूनच मिळतात.

दुसरा चकवा वारशाचा. ‘डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’चा फॉन्ट बदलला की सगळं बदलेल असं वाटतं, पण मथळे जागचे हलत नाहीत. ‘हेडिंग’ या स्टाइलला स्वतःचा फॉन्ट दिलेला असतो आणि ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ तो तिच्याकडून घेतात. म्हणून मथळ्यांचा फॉन्ट ‘हेडिंग’मध्येच बदला. ‘गडनाव’ आता ‘हेडिंग १’वर बेतली आहे आणि तिच्या ‘नेक्स्ट स्टाइल’मध्ये ‘मजकूर’ आहे. एंटर मारला की पुढचा परिच्छेद आपोआप साधा येतो.

स्टाइल बदलूनही एखादा परिच्छेद ऐकत नसेल, तर त्यावर हाताने केलेलं फॉरमॅटिंग बसलेलं असतं. लिबरऑफिस ७.६पासून साइडबारमध्ये ‘स्पॉटलाइट’ आहे. असे परिच्छेद त्यात रेघारेघांच्या खुणेने उघडे पडतात. निवडा आणि कंट्रोल-एम दाबा, हाताने केलेलं फॉरमॅटिंग निघून जातं. मात्र मुद्दाम जाड केलेले शब्दही त्यात सपाट होतात. आधी फाइलची प्रत ठेवा आणि ते शब्द नंतर कॅरॅक्टर स्टाइलने (परिच्छेदाला नव्हे, निवडलेल्या शब्दांनाच लागणाऱ्या स्टाइलने) जाड करा.

ओळींतलं अंतर ‘फिक्स्ड’ ठेवू नका. १२ पॉइंटच्या अक्षराला फिक्स्ड १४ दिलं की ‘मूर्तींची’मधली वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांची डोकी छाटली जाऊ शकतात. ‘अ‍ॅट लीस्ट’ १८ पॉइंट ठेवलं आहे.

जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुराचं दुखणं वेगळंच. ‘तोरण्याच्या दऱ्याखोऱ्या’चं कन्व्हर्टरने ‘दर्याखोर्या’ करून ठेवलं. सरसकट ‘र्य’ बदलायला जाल तर सूर्य, कार्य, पर्यटन सगळेच वाऱ्यावर! शब्दागणिकच बदल करावा लागतो, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्रही असतो, तेव्हा ‘रिप्लेस ऑल’ नकोच. शिवाय ऱ दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकसंध, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. आम्ही सगळीकडे एकसंध ठेवला.

हाच ऱ सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) पुन्हा आडवा येतो. क्लासची, म्हणजे वेबपानावर स्टाइल लावायच्या खुणांची, नावं देवनागरीत चालतात, फाइल फक्त यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) हवी. पण ब्राउझर नावं कोडशी कोड जुळवून बघतो, त्यामुळे एका फाइलीत एकसंध ऱ आणि दुसरीत जोडलेला असेल तर स्टाइल मुकाट्याने लागत नाही. नावात ऱ टाळलेला बरा.

वेबवर लाइन-हाइट (ओळीची उंची) एककाशिवाय लिहा, नुसती १.७. बॉडीवर (सबंध पानाला) १.७ईएम (ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराची पट) लिहिलं तर १८ पिक्सेलच्या मजकुरावरून काढलेले ३०.६ पिक्सेल जसेच्या तसे मथळ्याकडे जातात आणि ३६ पिक्सेलच्या दोन ओळी एकमेकींत घुसतात. तयार थीममधलं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्यावर आणा. ते शून्याहून जास्त असलं की शिरोरेघ अक्षरागणिक तुटते. तिरप्या अक्षरांचंही तसंच. बहुतेक देवनागरी फॉन्टांना इटॅलिकची फाइल नसते, मग ब्राउझर सरळ अक्षरंच ढकलून तिरपी करतो. जोर द्यायचा असेल तिथे रंग किंवा जाडी वापरली आहे. एचटीएमएल टॅगवर लँग=‘एमआर’ (भाषा मराठी) हवंच, ल आणि श इथेही त्यावरच अवलंबून आहेत.

बाकी आहे: चित्रओळींचे क्रमांक आणि ‘चौकट’ पानाच्या तळाशी तुटते ते. त्यासाठी परिच्छेद दोन पानांत तुटू न देण्याची सोय लावून पाहिली, पण चौकटीत दोन परिच्छेद असले की ती पुरत नाही. पहिल्याला ‘कीप विथ नेक्स्ट’ही (पुढच्या परिच्छेदासोबत ठेवणं) द्यावं लागतं. तेवढी एकवीस पानं तपासायची उरली आहेत.