एक मशीन, दोन सीट: निळ्या जिभेच्या पेनड्राइव्हचं कोडं सुटलं

आमच्या वाचनालयात एकाच मशीनवर दोघं बसतात. प्रत्येकाचा पडदा, कीबोर्ड, माउस वेगळा, त्या जागेला सीट म्हणायचं: सीट० आणि सीट१. ‘दोन्ही सीटवर पेनड्राइव्ह चालतो, विषय संपला’ असं मागच्या वेळी लिहिलं होतं. ते मागे घेतो. विषय संपला नव्हता, माझ्याच एका नियमाखाली झाकला गेला होता.

झालं असं. वाचनालयाच्या मशीनला नवी एसएसडी लावली, डेबियन १२ (लिनक्स) नव्यानं टाकलं आणि परवानग्यांची जुनी पीकेएलए फाइल तशीच उचलून ठेवली. दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या ताई महिन्याचा हिशोब घेऊन सीट१ वर बसल्या, तर पडद्यावर प्रशासकाचा पासवर्ड मागणारी खिडकी. याचं कारण लगेच सापडलं. परवानग्या तपासणारा प्रोग्राम म्हणजे पॉलकिट. डेबियन ११ मधलं पॉलकिट ०.१०५ पीकेएलए वाचायचं, डेबियन १२ मधलं पॉलकिट १२२ जावास्क्रिप्टचे नियम वाचतं. जुन्या फायली चालवायच्या तर पॉलकिटडी-पीकेएलए हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. मी पाच ओळींचा नवा नियम लिहिला: ‘वाचक’ गटातल्या कुणालाही दुसऱ्या सीटचं, म्हणजे आपली नसलेल्या सीटचं, ड्राइव्ह माउंट करता (उघडता) येईल. खिडकी गेली. मी घरी गेलो.

पुढच्या दिवशी दोन्ही सीट भरलेल्या होत्या. ताईंनी सीट१ च्या हबमध्ये (एका वायरवर अनेक यूएसबी पोर्ट देणाऱ्या डबीत) पेनड्राइव्ह लावला आणि सीट० वर पोलीस भरतीचे पेपर सोडवणारा मुलगा म्हणाला, “काकू, तुमची यादी इकडं दिसून राह्यली!” त्यानं खिडकी बंदही केली, पोरगं समजदार आहे. पण त्या यादीत कुणी किती कर्ज उचललं आणि कुणाचा हप्ता थकला हे सगळं नावानिशी आहे. आपल्याकडं अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. मला रात्री झोप लागली नाही.

आता कळतं की ‘दुसऱ्या सीटचं’ ड्राइव्ह उघडायची परवानगी मुळात लागायलाच नको होती. ताईंचा पेनड्राइव्ह ताईंच्याच हबमध्ये होता. ड्राइव्ह उघडून देणारा प्रोग्राम यूडिस्क्स मात्र त्याला सीट० चा समजत होता. ड्राइव्ह ज्या सीटचं, तिथंच ते आपोआप उघडतं, म्हणून ते शेजारी उघडलं. आणि मी जुनी चाचणी घेतली तेव्हा सीट० वर कुणी बसलेलंच नव्हतं. शेजारी कुणी नाही म्हटल्यावर सीट१ वर चिन्ह यायचं, क्लिक केलं की माझ्या नियमामुळं उघडायचं, आणि मला वाटायचं जमलं.

पण हब तर मी लॉगिनसीटीएल अटॅचनं (कोणतं उपकरण कोणत्या सीटचं हे ठरवणाऱ्या आज्ञेनं) सीट१ ला रीतसर जोडलेला. शिवाय सगळेच पेनड्राइव्ह चुकत नव्हते. माझा जुना ८ जीबीचा दर वेळी बरोबर सीट१ वर उघडायचा. ताईंचा नवा ६४ जीबीचा दर वेळी शेजारी.

इथं दोन संध्याकाळी चुकीच्या वाटेवर गेल्या. नव्या पेनड्राइव्हवर फायली ठेवायची पद्धत एक्सफॅट, जुन्यावर फॅट३२, म्हणून मी एक्सफॅटला धरलं. खरं तर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ५.७ पासून एक्सफॅट आहे आणि डेबियन १२ चं कर्नल ६.१, म्हणजे संशयाला आधार कमीच होता. तरी ताईंच्या फायली आधी उतरवून घेतल्या, पेनड्राइव्ह फॅट३२ केला. पुन्हा शेजारीच.

मग वाट सापडली ती एका वायरमुळं. हब टेबलाखाली आहे, वाकून कंबर दुखली, म्हणून जुनी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन वायर लावून तोच पेनड्राइव्ह जोडला. सीट१ वर उघडला! वायर काढली, सीट०. वायर लावली, सीट१. पाच वेळा करून बघितलं. पेनड्राइव्हचं तोंड उजेडात धरलं तर आतली जीभ निळी, म्हणजे यूएसबी ३. जुन्याची पांढरी.

यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा एलएसयूएसबी ‘-टी’ देऊन चालवली आणि समोर आलं. यूएसबी ३ चा हब मशीनला एक दिसत नाही, दोन दिसतात: एक ४८० एमच्या बसवर (यूएसबी २ ची वाट), दुसरा ५००० एमच्या (यूएसबी ३ ची). माझ्याकडं पहिला १-५ वर, दुसरा २-१ वर (आधी बसचा आकडा, मग पोर्टचा). मी जोडला होता फक्त १-५. कीबोर्ड, माउस, जुने पेनड्राइव्ह त्याच्याखाली येतात, म्हणून सगळं ठीक वाटायचं. निळ्या जिभेचा पेनड्राइव्ह २-१ खाली जायचा आणि तो भाग सीट० कडेच राहिलेला. २-१ सुद्धा सीट१ ला अटॅच केला. यूडिस्क्सची माहिती दाखवणाऱ्या यूडिस्क्ससीटीएल इन्फोमध्ये त्या ड्राइव्हसमोर ‘सीट१’ हा शब्द वाचला, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

तुमच्यापैकी अनेकांना हा त्रास का झाला नसेल, तेही कळलं. अटॅचचा नियम पोर्टच्या पत्त्यावर लिहिला जातो आणि सीटचा हिशोब ठेवणाऱ्या आपल्या सिस्टमडी २५२ मध्ये त्या पत्त्यात बसचा आकडा येतच नाही. १-३ आणि २-३ अशी जोडी असेल तर एकच नियम दोघांना लागतो. माझी जोडी १-५ आणि २-१, म्हणून फसलो. याचीच उलटी बाजूही आहे: २-१ साठीचा नियम १-१ वरच्या हबलाही लागणार. सीट० ला पण हब द्यायचा बेत होता, तो १-१ सोडून दुसऱ्या पोर्टवरच द्यावा लागेल.

पत्ता पोर्टचा असल्यामुळं झाडू मारताना वायर निघून दुसरीकडं खोचली गेली की सगळं बिघडतं. म्हणून कॅबिनेटच्या पोर्टजवळ एक लाल टिकली आणि हबच्या पिनेवर एक, अशा चिकटवल्या. ताईंनीच पाकिटातून काढून दिल्या. झाडणाऱ्या मावशींना एकदा दाखवलं, पुरलं.

हबबद्दल: अ‍ॅडाप्टरवाला घ्या. बिनअ‍ॅडाप्टरच्या हबवर बाहेरची हार्डडिस्क लावली की कीबोर्डच गायब व्हायचा. हा नवा नागपूरला बर्डीवरून आणला, दुकानदारानं काउंटरवर लावून दाखवला तेव्हाच पैसे दिले.

पॉलकिटचा तो पाच ओळींचा नियम पुसून टाकला. ज्याचं ड्राइव्ह त्याच्याच सीटवर असेल तर पासवर्ड न मागता माउंट होतं, ही सोय यूडिस्क्समध्ये आधीपासून आहे. मुलांसाठी सामायिक माउंटचा पर्याय लावणार होतो, म्हणजे प्रश्नसंच सगळ्यांना दिसतील. तोही बेत सोडला. प्रश्नसंच मशीनवरच एका फोल्डरमध्ये ठेवीन, पेनड्राइव्ह ज्याचा त्याचाच राहील.

लिहिता लिहिता एक सुचलं. यूडिस्क्स ड्राइव्हवर नोसुइड आणि नोडेव्ह ही बंधनं स्वतःहून लावतं, पण नोएक्सेक (ड्राइव्हवरचे प्रोग्राम थेट चालू न देणारं) लावत नाही. माउंट-ऑप्शन्सच्या फाइलमध्ये ते घालून बघतो. कॅफेतून भरून आणलेले पेनड्राइव्ह इथं रोज येतात, त्यामुळं तिसरी सीट जोडायच्या आधी हेच करणार.

काल ताई पुन्हा आल्या. दोन्ही सीट भरलेल्या. हिशोब त्यांच्याच पडद्यावर उघडला, दुरुस्त्या करून, पेनड्राइव्ह रीतसर बाहेर काढून त्या निघाल्या, आणि मला हाक मारावी लागली नाही.