डिस्नेलँडची नवी टियाना राइड : भिजायचं ठरवूनच जा

या वेळी सासू-सासरे साताऱ्याहून आलेले, मुलांना सुट्टी, म्हणून बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या भागातून, गाडी काढली आणि आय-फाइव्ह हायवे धरून थेट डिस्नेलँडचं गाव, आनाहाइम, गाठलं. डिस्नेलँडबद्दल सगळं लिहायला बसले तर संपणार नाही, म्हणून फक्त त्या एका पाण्याच्या राइडबद्दल लिहिते. बऱ्याच जणांनी विचारलंय की पूर्वीची स्प्लॅश माउंटन बदलून जी टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर केलीय ती कशी आहे, आजी-आजोबांना चालेल का, लहान मुलांना घेतात का.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्प्लॅश माउंटन इथे 1989च्या जुलैत सुरू झाली होती. ओंडक्याच्या आकाराच्या होडीत बसायचं, पाण्यातून हळूहळू प्राण्यांचे देखावे बघत जायचं आणि शेवटी उंचावरून धाडकन खाली. ते देखावे 1946च्या साँग ऑफ द साउथ या सिनेमावरून घेतलेले होते, आणि त्या सिनेमात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं जे चित्रण आहे त्यावर पहिल्यापासून टीका होत आलीय, इतकी की डिस्नेने तो सिनेमा अमेरिकेत घरी बघायला म्हणून कधी विक्रीलाच काढला नाही. 2020च्या जूनमध्ये त्यांनी जाहीर केलं की राइडची थीम बदलणार, 2023मध्ये जुनी बंद झाली, डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्कमधली नवी राइड 28 जून 2024ला उघडली आणि आपली कॅलिफोर्नियाची 15 नोव्हेंबर 2024ला. आता गोष्ट आहे 2009च्या द प्रिन्सेस अँड द फ्रॉगमधल्या टियानाची. टियाना म्हणजे डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, न्यू ऑर्लिन्सची, कष्ट करून स्वतःचं हॉटेल उभं करणारी मुलगी. तिच्यामागची प्रेरणा होत्या लिया चेस, न्यू ऑर्लिन्सच्या डूकी चेस रेस्टॉरंटच्या प्रसिद्ध शेफ. नागरी हक्कांच्या चळवळीतले लोक त्यांच्याकडे जेवायला आणि बैठका घ्यायला जमायचे. मला हे सगळं वाचून गेल्याचा फार उपयोग झाला, कारण राइडमध्ये कुणी थांबून काही समजावत नाही, होडी पुढे जात राहते. मुलांना निदान सिनेमा तरी दाखवून न्या. आमच्या सासऱ्यांनी आदल्या रात्री नातवंडांबरोबर बसून बघितला आणि दुसऱ्या दिवशी त्या ट्रम्पेट वाजवणाऱ्या मगरीला, लुईला, त्यांनीच सगळ्यात आधी ओळखलं.

आता राइड. कथा साधी आहे, मार्डी ग्राच्या सणाची पार्टी आहे, सगळी तयारी झालीय पण बँड नाहीये, म्हणून टियाना आणि लुई आपल्याला घेऊन दलदलीत, म्हणजे बायूमध्ये, वादक शोधायला निघतात. वाटेत प्राणी भेटत जातात, पाणमांजर, ससा, रकून, बेडूक वगैरे, आणि प्रत्येक टोळीचं संगीत वेगळं. एका वळणावर अ‍ॅकॉर्डियनवालं झायडेको ऐकू येतं, पुढे बेडकांचं क्यूबन ढंगाचं. मग मामा ओडी ही जादू करणारी आजीबाई आपल्याला बेडकाएवढं छोटं करून टाकते. तिथे मुलगी मान वर करून बघतच राहिली, आजूबाजूची सगळी झाडं-पानं एकदम प्रचंड होतात, काजवे चमकत असतात, खूप सुंदर केलंय ते. टियानाची पुतळी तर, खरं सांगते, माणूस उभं आहे असंच वाटतं, चेहऱ्यावरचे हावभाव, हातांची हालचाल, ओठ गाण्याबरोबर अगदी नीट हलतात. जुन्या राइड्समधले पुतळे बघितले असतील तर हा फरक पहिल्या मिनिटात कळतो.

नवरा विद्यार्थी असताना जुनीवर बसला होता. त्याचं मत वेगळं पडलं आणि ते मला पटतंय म्हणून लिहिते. जुन्या राइडमध्ये शेवटच्या चढाच्या आधी भीती घालायचे, वर गिधाडं बसलेली असायची आणि आता तुमचं काही खरं नाही अशा सुरात बोलायची, त्यामुळे पडण्याआधीच पोटात गोळा यायचा. नवीन गोष्टीत खलनायकच नाही. सिनेमातला तो जादूटोणा करणारा डॉक्टर फॅसिलिए राइडमध्ये कुठेच नाही. चढावर मामा ओडी आपल्याला परत मोठं करण्याबद्दल बोलते आणि मग आपण खाली. त्यामुळे थरार फक्त उताराचा उरतो, गोष्टीचा नाही. पण मला वाटतं या राइडचा जीव उतारात नाहीच, त्यानंतर आहे. खाली आपटून, भिजून, केस चेहऱ्याला चिकटलेत अशा अवस्थेत होडी परत आत शिरते आणि समोर अख्खी पार्टी सुरू असते, टियाना, सिनेमातला तिचा राजपुत्र (त्याचं नावच नवीन), तिची आई, मैत्रीण शार्लट, सगळे, आणि वाटेत भेटलेले ते प्राणी बँडमध्ये वाजवतायत. गाणं गायक-संगीतकार पीजे मॉर्टन यांनी खास या राइडसाठी लिहिलेलं आहे, ते स्वतः न्यू ऑर्लिन्सचेच. तेव्हा उतार संपला की लगेच चष्मा पुसायला आणि मोबाइल तपासायला लागू नका, बरेच जण तेच करत होते, मान वर ठेवा आणि ते बघा.

उंची किती ते सगळे विचारतात. मोठा उतार साधारण 50 फुटांचा आहे. त्याच्या आधी छोटे एक-दोन झटके आहेत, काही अंधारात. बसायला किमान उंची 40 इंच म्हणजे 102 सेंटिमीटर लागते आणि तिथे खरंच पट्टीला उभं करून मोजतात, त्यामुळे मूल काठावर असेल तर घरीच भिंतीला लावून मोजून जा, तिथे पोचून नाही म्हटलं की जे रडणं सुरू होतं ते थांबत नाही. आमचं धाकटं त्या उंचीत बसत नव्हतं म्हणून आम्ही रायडर स्विच घेतलं. सुरुवातीलाच तिथल्या स्टाफला सांगायचं की लहान मूल आहे, मग एक मोठा माणूस बाळाजवळ थांबतो, बाकीचे जाऊन येतात आणि नंतर थांबलेल्याला पूर्ण रांग परत न लावता बसता येतं. वेगळे पैसे नाहीत. हे खूप लोकांना माहीतच नसतं आणि मग आई किंवा बाबा कुणीतरी एक दिवसभर बाहेरच उभे राहतात.

आजी-आजोबांबद्दल. कॅलिफोर्नियाच्या होडीत एकामागे एक असं एका ओळीत बसतात आणि सीट खूप खाली असते. म्हणजे पाय आत टाकून खाली वाकून बसायचं आणि उठताना स्वतःला वर ओढायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना उतारापेक्षा हे चढणं-उतरणंच जड जाईल. सासूबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जा गं, मी हितं बसते, मला खाली बसलं की उठता येत न्हाई." सासरे मात्र बसले आणि उतरल्यावर हसत होते. पाठीचा त्रास, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल तर नको. सासूबाईंना आम्ही समोरच्या वाटेवर कठड्याजवळ बसवलं, तिथून होड्या खाली येताना अगदी समोर दिसतात आणि आपली माणसं ओरडताना बघायची मजा वेगळीच. नंतर त्यांना घेऊन जवळच्या पायरेट्स ऑफ द कॅरिबियनमध्ये गेलो, 1967ची राइड आहे, होडीच आहे पण मोठी, बाकावर बसायचं, अंधारात दोन छोटे उतार आहेत तेवढे सांगून ठेवा, बाकी निवांत. आणि मार्क ट्वेन नावाची मोठी बोट असते, तिच्यात बसून नुसती एक चक्कर मारली तरी पायांना आराम मिळतो.

आता वेळ. सगळीकडे सल्ला असतो की लोकप्रिय राइड सकाळी गेट उघडल्यावर आधी उरका. या राइडला तो सल्ला लावू नका. आनाहाइमला सकाळी गार असतं, मे-जूनमध्ये तर दुपारपर्यंत ढगच असतात, आणि सकाळी नऊला भिजलात तर पुढचे तीन-चार तास ओल्या कपड्यांत कुडकुडत काढायचे. सूर्य डोक्यावर आला की जा, साधारण एक ते चार. दुपारी रांग मोठी असते हे मान्य, म्हणून लायटनिंग लेन मल्टी पास (पैसे भरून वेगळ्या, छोट्या रांगेतून जायची सोय) घेणार असाल तर तो या राइडसाठी वापरा. त्याचे पैसे तिकिटापेक्षा वेगळे पडतात आणि दिवसाप्रमाणे भाव बदलतो. डिस्नेलँडमध्ये तो पास घेतला तरी वेळ बुक करणं पार्कच्या आत शिरल्यावरच जमतं, म्हणून गेटमधून आत आलात की चालता चालता फोनवर दुपारची वेळ पकडा. या पासमध्ये फोटोपण धरलेले असतात, म्हणजे उतारावर कॅमेरा जो फोटो काढतो तो वेगळे पैसे न देता डाउनलोड होतो, आमच्या घरात सध्या तोच फोटो सगळ्यांच्या डीपीला आहे. पास नसेल तर संध्याकाळी गारवा पडला की लोक पाण्यापासून लांब पळतात आणि रांग कमी होते, पण मग जॅकेट लागणारच.

किती भिजतो हे नशिबावर आहे, पण पुढे बसणारा जास्त भिजतो. मागच्या सीटवर कधी नुसते शिंतोडे, कधी पूर्ण आंघोळ. होडीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं, त्यामुळे बॅग पायाशी ठेवली की ती खालून भिजते, हे लक्षात ठेवून बॅग मांडीवर घ्या किंवा बाहेर थांबणाऱ्या माणसाकडे द्या. मोबाइल, पासपोर्ट, गाडीची किल्ली झिपलॉक पिशवीत. श्रवणयंत्र असेल तर काढून ठेवा, चष्म्याला दोरी असेल तर फार बरं. जीन्स घालू नका, वाळतच नाही. सुती कुर्ता-लेगिंग किंवा नायलॉनची हाफ पँट चांगली, ओढणी मात्र काढून ठेवा. बुटांऐवजी मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, आणि मोज्यांचा एक जादा जोड प्रत्येकासाठी घ्याच, ओल्या मोज्यांत दिवसभर चालून पायाला फोड आले की पुढचा दिवस वाया. तिथे रेनकोटसारखे पोंचो विकत मिळतात, पण घरून नेले तर खूप स्वस्त पडतं. कोरडे कपडे गेटजवळच्या मेन स्ट्रीटच्या लॉकरमध्ये ठेवता येतात पण ते राइडपासून बरंच लांब आहे, आम्ही स्ट्रोलरच्या खालीच एक पिशवी ठेवली होती.

भिजून झालं की लगेच जेवायला जा, आणि इथेच जा, कारण राइडचा विषयच न्यू ऑर्लिन्सचं खाणं-गाणं आहे आणि पाच मिनिटांवर पार्कमधलाच न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर नावाचा भाग आहे. तिथे टियानाज पॅलेस म्हणून रेस्टॉरंट आहे, 2023च्या सप्टेंबरमध्ये उघडलेलं. शाकाहारी लोकांनी सेव्हन ग्रीन्स गंबो मागवा, भेंडी, रताळं, पांढऱ्या घेवड्याच्या बिया, पालेभाज्या आणि सोबत भात. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ही तर आपली पातळभाजीच की, जरा मसाला कमी हाय." वर घरची चटणी भुरभुरली आणि वाटी संपवली. बाकीच्या बऱ्याच पदार्थांत कोळंबी, चिकन किंवा बीफ असतं, त्यामुळे बीफ न खाणाऱ्यांनी ऑर्डर करताना विचारूनच घ्या. अ‍ॅपवरून मोबाइल ऑर्डर राइडच्या रांगेत असतानाच टाकून ठेवा, बाहेर येऊन ताटकळावं लागत नाही. गोडात बेन्ये घ्या, तळलेले, पिठीसाखरेचे, गरम असतानाच खायचे. बाहेरचं खाणं आत न्यायला चालतं, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू नको, आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती, कुणी काही म्हटलं नाही. पिण्याचं थंड पाणी खाण्याच्या काउंटरवर ग्लासमध्ये फुकट देतात, बाटल्या विकत घेत बसू नका. रात्री नीट जेवायचं असेल तर आर्टेशियाचा पायोनियर बुलेव्हार्ड गाडीने जवळ आहे, तिथे डोसा, चाट, थाळी सगळं मिळतं.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट लागत नाही, तीन ते नऊचं थोडं कमी. तारखेचं रिझर्व्हेशन लागतं का ते तिकीट घेतानाच तपासा. आणि पाण्याच्या राइड्स थंडीच्या दिवसांत डागडुजीसाठी काही आठवडे बंद ठेवतात, म्हणून डिसेंबरच्या सुट्टीनंतर जाणार असाल आणि मुलांना हीच राइड दाखवायची असेल तर हॉटेल बुक करायच्या आधी डिस्नेलँडच्या साइटवर बंद राइड्सची यादी बघून घ्या.