दगड तर कधीच थंड झाला, मग?

“हा दगड तर कधीच थंड झाला. ज्वालामुखी फुटायच्या आधी जमिनीखाली काय चाललं होतं, ते यातून कसं काय कळणार?” ठाण्यात राहून भूशास्त्र शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न चुकत नाही. विद्यार्थ्यांचे पालक विचारतात, सोसायटीतले विचारतात, पारसिकच्या डोंगरावर हातोडी घेऊन दिसले की सकाळी फिरायला आलेले काका-काकूही थांबून विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून दोन वाक्यांत न उरकता नीट सांगते.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. जमिनीखाली वितळलेल्या खडकाची एक मोठी टाकी असते आणि ती एक दिवस फुटते, असं आपल्याला वाटतं. हा वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, असा एकसंध नसतोच. तो खोलवरून टप्प्याटप्प्याने वर येतो, मध्ये थांबतो, थोडा निवतो, आणि निवता निवता त्यात स्फटिक तयार व्हायला लागतात. मग खालून नवा, जास्त गरम शिलारस येऊन त्यात मिसळतो. म्हणजे उद्रेकात जे बाहेर पडतं ते निम्मंअर्धं आधीच घट्ट झालेलं असू शकतं. लाव्ह्याचा दगड फोडून बघा. बारीक दाण्यांचा काळा भाग दिसतो, तो बाहेर पडल्यावर भराभर गोठलेला. त्यात अधूनमधून डोळ्यांना दिसणारे मोठे स्फटिक असतात, ते मात्र उद्रेकाच्या आधी, खाली असतानाच वाढलेले. आम्हाला आधीचं जे कळतं ते या स्फटिकांमुळे.

स्फटिक आतून बाहेर, थरावर थर चढत वाढतो. प्रत्येक थर त्या वेळच्या शिलारसाच्या घडणीप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे बनतो. ऑलिव्हिन नावाचं हिरवट खनिज घ्या. शिलारस गरम आणि मॅग्नेशियमने समृद्ध असेल तर ऑलिव्हिनच्या त्या थरातही मॅग्नेशियम जास्त येतं. शिलारस निवत गेला की लोहाचं प्रमाण वाढतं. आता आतला भाग लोहाचा आणि बाहेरची कड मॅग्नेशियमची, असा उलटा क्रम दिसला तर खालून ताजा गरम शिलारस आला होता, हे जवळपास नक्की. दगडाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप करतात, इतका पातळ की त्यातून उजेड आरपार जातो. मग इलेक्ट्रॉनांचा झोत स्फटिकाच्या मधल्या भागापासून कडेपर्यंत हजारांश मिलिमीटरच्या टप्प्यांनी सरकवत जायचा आणि प्रत्येक ठिकाणी कोणतं मूलद्रव्य किती आहे ते मोजायचं. काप चांगला पडला नाही तर सगळा दिवस वाया जातो. पण कडेशी आकडे एकदम वर चढताना दिसतात तेव्हा अंगावर काटा येतो. आजही येतो.

इथवर क्रम कळला. पण किती दिवस आधी? माझ्या मते सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट इथे आहे. ताटात दहीभाताला लागून बिटाची कोशिंबीर वाढली की सुरुवातीला दोन्हींमधली रेघ ठळक असते. हळूहळू लाल रंग भातात उतरतो आणि गुलाबी पट्टा रुंदावत जातो. पट्टा किती रुंद झाला ते पाहून ताट वाढून किती वेळ झाला ते सांगता येईल. स्फटिकातही तसंच घडतं. नवा थर चढला की आतल्या आणि बाहेरच्या थरातली सीमा सुरुवातीला तीक्ष्ण असते. तापमान हजार-अकराशे अंशांचं, त्यामुळे मॅग्नेशियम आणि लोहाचे अणू घन स्फटिकातही जागा बदलत राहतात आणि सीमा पुसट होत जाते. उद्रेक झाला, दगड गोठला, की ही हालचाल थांबते. म्हणून सीमा किती पुसट झाली आहे त्यावरून नवा शिलारस येणं आणि उद्रेक होणं यांत किती काळ गेला ते काढता येतं. अणूंच्या या सरकण्याला विसरण म्हणतात. प्रत्येक मूलद्रव्याचा वेग वेगळा असतो. लिथियम फार चपळ, ते तासांचा आणि दिवसांचा हिशेब देतं. ऑलिव्हिनमधलं लोह-मॅग्नेशियम आठवड्यांपासून वर्षांपर्यंतचा. तापमान थोडं चुकीचं धरलं तरी उत्तर बरंच बदलतं. त्यामुळे एका स्फटिकावर विसंबून कोणी तारखा सांगू लागलं तर मी मान डोलवत नाही. अनेक स्फटिक मोजून सगळ्यांचा कल कुठे जातो ते पाहावं लागतं.

उदाहरण म्हणून मी नेहमी कोस्टा रिकातल्या इराझूचं देते. हा ज्वालामुखी 1963 ते 1965 या काळात धगधगत होता. त्या उद्रेकांतल्या ऑलिव्हिनमधल्या निकेलचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. निकेलचे चढउतार स्फटिकात शाबूत होते. शिलारस वाटेत शेकडो वर्षं मुरत पडला असता तर ते पुसले गेले असते. हिशेब केल्यावर निघालं की सुमारे 35 किलोमीटर खोलीवरून, प्रावरणातून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, शिलारस काही महिन्यांत वर आला होता. इतक्या खोलीवरून इतक्या लवकर! वर यायच्या आधी शिलारस कवचात दीर्घकाळ मुक्काम करतो, असं मी स्वतः शिकले होते. ते दर वेळी खरं नसतं.

“पण हे सगळं उद्रेक झाल्यावर कळतं ना? मग उपयोग काय?” हा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. याचं उत्तर अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सवर मिळतं. तिथे 18 मे 1980 रोजी मोठा स्फोट झाला आणि पुढची काही वर्षं छोटे उद्रेक होत राहिले. त्या काळातल्या भूकंपांच्या आणि बाहेर पडणाऱ्या गंधक वायूच्या नोंदी उपलब्ध आहेत. 2012 मध्ये संशोधकांनी तिथल्या पायरॉक्सिन या दुसऱ्या एका खनिजाच्या स्फटिकांच्या कडांची वयं काढली आणि ती या नोंदींशेजारी ठेवली. ज्या काळात कडा जास्त वाढल्या त्याच काळात भूकंप आणि वायू वाढलेले होते. म्हणजे कोणत्या हादऱ्यांच्या वेळी खाली खरोखर शिलारस सरकत होता, हे दगडाने सांगितलं. पुढच्या वेळी तिथली जमीन तशीच हलू लागली तर वेधशाळेतल्या माणसाला त्या हादऱ्यांचा अर्थ लावता येतो. नुसते हादरे असा अर्थ सांगत नाहीत. अनेक ज्वालामुखी हादरतात आणि फुटतही नाहीत.

शिवाय उद्रेक एका दिवसात संपत नाही. हवाईतल्या किलाउएआवर 3 मे 2018 रोजी वस्तीतच भेग पडली आणि लाव्हा बाहेर आला. तिथल्या शास्त्रज्ञांनी लाव्ह्याचे नमुने उचलून हिलो इथल्या विद्यापीठात नेले आणि रासायनिक तपासणी तातडीने करत राहिले. सुरुवातीचा लाव्हा आधीच्या काळापासून खाली पडून राहिलेला, निवलेला, चिकट होता. मग घडण बदलू लागली आणि जास्त गरम, ताज्या शिलारसाची चाहूल लागली. असा लाव्हा पातळ असतो, तो लांबवर आणि वेगाने वाहतो. पुढे आठव्या भेगेतून तसाच मोठा प्रवाह निघाला. त्या उद्रेकात सातशेहून जास्त घरं गेली. घरं वाचवता येत नाहीत, पण पुढचा लाव्हा कसा असेल हे आधी कळलं तर माणसं वेळेत हलवता येतात.

आता आपल्या पायाखालचं. ठाणे, बेलापूर, पनवेल, सगळीकडचा काळा कातळ साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. घाटात एकावर एक थर दिसतात, पण नुसत्या डोळ्यांनी ते एकसारखेच वाटतात. त्यांचे गट पाडले गेले ते मुख्यतः रसायनशास्त्राच्या आधारे, 1980 च्या दशकात. या गटांची नावं आपल्या ओळखीची आहेत: नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. कर्जत लोकलने जाणाऱ्याला यातली पहिली पाटी रोज दिसते. आंबेनळी गटाच्या शिलारसात खंडाच्या जुन्या खडकाची भेसळ सगळ्यांत कमी आहे, बुशे गटात सगळ्यांत जास्त. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण मोजून हे कळतं. म्हणजे एकाच प्रदेशातला शिलारस कधी जुना खडक विरघळवत वर आला, तर कधी जवळजवळ निर्मळ वर आला. काही थरांत प्लॅजिओक्लेज या खनिजाचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे पांढरट स्फटिक आहेत. एवढे मोठे स्फटिक बाहेर गोठताना वाढत नाहीत, ते खालीच वाढलेले असतात. आपल्याकडे मुरलेल्या पाण्याने बराच दगड बदलला आहे, पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट ही नंतरची खनिजं भरली आहेत, त्यामुळे ताजा तुकडा निवडायला कष्ट पडतात. पण वाचायची रीत तीच.

वज्रेश्वरीच्या गरम झऱ्यांकडे बोट दाखवून लोक विचारतात की इथे पुन्हा काही होईल का. नाही. ते पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. खाली शिलारस नाही. दख्खनचे लाव्हा ज्या उष्ण स्रोतातून आले तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत तिथून उत्तरेला सरकला. त्या बेटावरचा ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो आणि तिथली वेधशाळा त्याच्यावर बारीक लक्ष ठेवून असते.

मला काळजी आहे ती इथल्या दगडाची. उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापली गेली. पारसिकच्या रांगेला खाणींनी किती खाल्लंय ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरून दिसतं. खडी लागते, रस्ते लागतात, हे मला मान्य आहे. पण सुरुंग लावायच्या आधी प्रत्येक थरातला मूठभर दगड, जागा आणि उंची लिहून ठेवून दिला, तर खर्च जवळजवळ शून्य. खडी झाल्यावर तो तुकडा कोणत्या थराचा होता, हे कोणालाही सांगता येणार नाही. तुमच्या ओळखीत कोणी खाणीवर किंवा बांधकामावर असेल, आणि पायाच्या खड्ड्यात मोठे पांढरे स्फटिक असलेला काळा दगड निघाला, तर तो फेकू देऊ नका. किती खोलीवर मिळाला तेवढं लिहून ठेवा आणि मला सांगा. मी येऊन बघते.